सात नंबरच्या बोटीचा कणा

नौदलाने मासळीच्या लिलावाची शेड ताब्यात घेतली तेव्हा मिस्त्रीला वाटलं, आपलं काम संपलं. लाकडी बोटी बांधणाऱ्या माणसाला पोलादी जहाजांच्या युद्धात कोण विचारणार? झालं उलटंच. त्या बंदरात पोलादाचेच दिवस भरले होते.

कारण बंदराच्या तोंडाशी चिखलात पडलेलं होतं. शत्रूने विमानातून नव्या जातीचे सुरुंग टाकले होते. जुना सुरुंग जहाज आपटलं की फुटायचा. हा नवा नुसता तळाशी पडून राहायचा. वरून लोखंड गेलं की त्याच्या पोटातली सुई हलायची आणि जहाजाच्या बरोबर बुडाखाली स्फोट व्हायचा. एका आठवड्यात नौदलाची दोन जहाजं धक्क्यावरून दिसतील इतक्या अंतरावर बुडाली. दोन्ही नवी कोरी. तोफा तशाच झाकलेल्या, वापरायची वेळच आली नाही. मग वरच्या साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला, की लाकडाने सुई हलत नाही. आणि लाकडी बोटी कुणाकडे आहेत, तर मासे पकडणाऱ्यांकडे.

आठ बोटी ताब्यात घेतल्या. त्यांची जुनी नावं खरवडून काढली, अंगावर राखाडी रंग फासला आणि एक ते आठ नंबर टाकले. जोडीजोडीने त्या जायच्या. दोन बोटी शेजारी शेजारी, मागे लांबलचक तरंगती केबल. केबलीत वीज सोडली की मागचं पाणी लोखंडी जहाज असल्यासारखं वागायचं आणि सुरुंग फसून मागेच फुटायचा. युक्ती चांगली होती. फक्त बोटीत लोखंड नको, नाहीतर सुरुंग मागची वाट कशाला पाहील?

म्हणून मिस्त्री. छप्पन्न वर्षांचा, विधुर, कानावर पेन्सिल आणि तोंडात दोन खिळे, त्यामुळे बोलणं कमी. त्याने आणि त्याच्या माणसांनी दोन महिने बोटींतलं लोखंड उपसलं. लोखंडी खिळा काढून तांब्याचा, लोखंडी बोल्ट काढून पितळी. कड्या, बिजागऱ्या, नांगर, स्वयंपाकाची कढई, सगळं बाहेर. कढई काढताना खलाशी जेवढे कुरकुरले तेवढे ते पुढे सुरुंगांनाही घाबरले नाहीत. इंजिन मात्र लोखंडाचंच राहिलं, ते काय लाकडाचं करणार? त्याच्याभोवती तारेचे वेढे घालून त्याचं चुंबकपण मारायचं, आणि वेढे किती ते इंजिनाच्या बनावटीवरून छापील तक्त्यात बघायचं. शेवटी होकायंत्र घेऊन एक तपासनीस सगळ्या बोटीत फिरायचा. इंजिन सोडून कुठे सुई हलली नाही की कागद पुढे यायचा: ‘या बोटीत इंजिनाखेरीज लोखंड नाही.’ खाली तपासनिसाची सही, आणि तिच्या वर मिस्त्रीची.

सात नंबरच्या कागदावरही मिस्त्रीची सही होती. आणि सात नंबरच्या इंजिनापाशी मिस्त्रीचा जावई होता.

जावई मुळात बर्फाच्या कारखान्यात यंत्र सांभाळायचा. नौदलाने इंजिनवाले शोधले तेव्हा आपणहून गेला. गडी बोलका. सासऱ्याला मामा म्हणायचा आणि सासऱ्याची थट्टा करायची एक संधी सोडायचा नाही. मिस्त्री त्याला जावईबापू म्हणे, ते निम्मं कौतुकाने आणि निम्मं वैतागून. घरात तिघंच. लेक सातव्या महिन्यात होती, पहिलंच बाळंतपण. सात नंबर तीन आठवडे रोज पाण्यात जात होती, रोज परत येत होती. शेडमधल्या ज्या फळ्यावर एकेकाळी माशांचे भाव लिहीत, तिथे आता फुटलेल्या सुरुंगांचा आकडा असायचा. अकरावर गेला होता.

बाविसाव्या दिवशी बुटका कामावर आला. बुटका म्हणजे मिस्त्रीचा तीस वर्षांचा जोडीदार. फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकून डांबर भरणं हे त्याचं काम. त्या दोन महिन्यांत तो टायफॉइडने अंथरुणाला खिळून होता, म्हणून त्याने ह्या बोटी राखाडी झाल्यावर पहिल्यांदाच पाहिल्या. सात नंबर धक्क्यावरून सुटत होती. बुटक्याने डोळ्यांवर हात धरून तिच्या मागच्या फळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, अरे, ही तर आपली खडकावरची.

मिस्त्री म्हणाला, कुठली खडकावरची?

बुटक्याने सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी खडकावर चढलेली बोट. काथ्याचा टाका माझा आहे, मी माझं काम झोपेतही ओळखेन. आणि मग हसत हसत, आठवण काढावी तशी, त्याने विचारलं, “तो कणा तू कसा काय सांधला होतास रे? लोखंडाची पट्टी घातली होतीस ना?”

मिस्त्रीने तोंडातले दोन खिळे काढून हातात धरले.

घातली होती. बोटीचा कणा म्हणजे तळातलं नाळेपासून, म्हणजे पुढच्या निमुळत्या तोंडापासून, मागच्या टोकापर्यंतचं एकसंध लाकूड, सगळी बोट त्याच्यावर उभी. तो तडकला होता. नवा घालायचा तर बोट पुरा हंगाम किनाऱ्यावर बसली असती. मिस्त्रीने कण्याला खालून खाच पाडली, तिच्यात अकरा फुटी लोखंडी पट्टी बसवली, नऊ बोल्ट मारले आणि वर लाकडाचं झाकण असं बेमालूम बसवलं की मालकाला बोट फिरवून दाखवली तरी जोड सापडला नाही. जोड दिसू नये हीच तर मिस्त्रीची ख्याती. बाकीचे सुतार बोट सांधायचे, मिस्त्री मोडलेली बोट कधी मोडलीच नव्हती असं करायचा. नंतर ती बोट विकली गेली, दुसऱ्या बंदरात गेली, तिची नाळ बदलली, रंग बदलला. पट्टी मिस्त्रीला माहीत होती. बोट ओळखता आली नाही. आणि तपासनिसाची सुई? पट्टी बरोबर इंजिनाखाली होती. सुई हलली, ती इंजिनाच्या नावावर गेली.

ह्यानंतर मिस्त्रीने जे केलं ते त्याला शोभणारं नव्हतं. तो त्या दुपारी शेडमध्ये गेला, साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर तासभर बसला आणि उठून घरी आला. दुसऱ्या दिवशीही तेच. खोट्या सहीची युद्धातली शिक्षा त्याला ठाऊक होती. लेक अवघडलेली, जावई पाण्यात, आपण तुरुंगात, हे चित्र तो बाकावर बसून बघत राहिला. आणि दरम्यान सात नंबर दोनदा जाऊन आली. दुसऱ्या संध्याकाळी जावयाने जेवताना विचारलं, मामा, भात का चिवडताय, मीठ कमी आहे म्हणायची हिंमत नाही का? मिस्त्री हसला नाही. तिसऱ्या सकाळी तो बाकावर बसला नाही, सरळ आत गेला.

साहेब चाळिशीचे, डोळ्यांखाली काळं, बुडालेल्या दोन जहाजांपैकी एकावरचे. मिस्त्रीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“सही केली तेव्हा माहीत होतं?”

“पट्टी माहीत होती, साहेब. ही तीच बोट हे माहीत नव्हतं.”

“कळलं कधी?”

“परवा.”

“दोन दिवस,” ते म्हणाले. “तुम्हाला तुरुंगात घालायला मला सवड नाही, मिस्त्री. नाहीतर घातलं असतं.”

मग त्यांनी फळ्याकडे बोट केलं. आठ बोटी म्हणजे चार जोड्या. सात नंबर काढली की तिची जोडीदारीण आठ नंबरही घरी बसणार, कारण एकटीला केबल ओढता येत नाही. परवा सकाळी धान्याची जहाजं यायची होती, शहरात आठ दिवस पुरेल एवढंच पीठ उरलं होतं. तोवर वाट मोकळी हवी. नवा कणा घालायला किती दिवस? तीन आठवडे. ते जमणार नाही. नुसती पट्टी काढायला? एक ओहोटी, मिस्त्री म्हणाला. पाणी उतरल्यापासून चढेपर्यंत सात तास मिळतात. खालून झाकण काढायचं, पट्टी ओढायची, खाचेत कठीण लाकूड ठोकून तांब्याच्या बोल्टांनी आवळायचं.

“आणि कणा टिकेल?”

इथे मिस्त्री गप्प बसला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं की नाही, देव जाणे. तो म्हणाला, “टिकेल.”

“नक्की?”

“चौदा बोल्ट बसले तर टिकेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात नंबर किनाऱ्यावरच्या उतारावर, बोटी दुरुस्त करतात तिथे, घेतली. पाणी तिच्या बुडाखालून सरकलं तशी माणसं चिखलात आडवी झाली. कण्याखाली दोन हात जागा. तिथे उताणं पडून डोक्यावरच्या लाकडात पटाशी चालवायची, आणि भुसा सगळा डोळ्यांत. मिस्त्रीचं स्वतःचंच झाकण मिस्त्रीला सापडेना. इतकं चांगलं बसवलेलं होतं. बुटका म्हणाला, एकदा तरी वाईट काम केलं असतंस तर आज सगळ्यांना बरं पडलं असतं. झाकण शोधण्यात पाऊण तास गेला.

पट्टी गंजून फुगली होती आणि लाकडाला चिकटली होती. बोल्टांची डोकी छिन्नीने उडवावी लागली. जावई वरून, इंजिनाच्या बाजूने, बोल्ट खाली हाणत होता. पट्टी निघाली ती दोन तुकड्यांत, आणि निघताना सोबत कण्याच्या कपच्या घेऊन निघाली. सगळं बाहेर आलं तेव्हा सात तासांतले साडेचार संपले होते. त्यांनी खाचेत लाकूड ठोकलं, पाचरी मारल्या. गिरमिटाने भोकं पाडून तांब्याचे बोल्ट घालायला लागले. तांब्याचा बोल्ट लोखंडासारखा हाणता येत नाही, मऊ असतो, वाकतो, जपून सरकवावा लागतो. घाईचं काम नव्हे. दहावा बोल्ट आवळला तेव्हा पाणी मिस्त्रीच्या पाठीखाली आलं होतं. अकराव्याचं भोक पाण्याखाली गेलं. बुटक्याने त्याला पायांना धरून बाहेर ओढलं.

बाहेर जावई उभा होता, हातापायांवर वंगण आणि चिखल. बोट त्यांच्यासमोर हळूहळू तरंगायला लागली होती. बुटका काथ्या आणायला गेला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “चार बोल्ट राहिले.”

“पाणी येईल आत?”

“नाही.”

“मग?”

“मोठा धक्का बसला तर मी सांगू शकत नाही.”

जावयाने सुती चिंधीने हाताचं एकेक बोट पुसलं. “धक्के मारून घ्यायलाच तर जातो आम्ही, मामा.”

मिस्त्री म्हणाला, मी आत्ता जाऊन साहेबांना सांगतो. जावयाने त्याचा दंड धरला. साहेबांना सांगितलं तरी बोट उद्या जाणारच, तो म्हणाला. पीठ काय बोल्ट मोजून थांबणार आहे? आणि आम्ही सातही जण घाबरून जाऊ ते वेगळंच. पट्टी गेली हे काय कमी आहे? पुढच्या ओहोटीला उरलेले चार मारा. “आणि घरी बोलू नका,” तो म्हणाला. “तिला आधीच झोप लागत नाही.”

मिस्त्री घरी बोलला नाही. साहेबांनाही बोलला नाही. कागदावर पुन्हा सही केली.

धान्याची जहाजं आली, एकावरही ओरखडा उठला नाही. सात नंबर रोज जात होती. पुढच्या ओहोटीला तीन नंबर उतारावर होती, तिचं सुकाणू तुटलं होतं. त्याच्या पुढच्या ओहोटीला वारा होता. मिस्त्री रोज शेडमध्ये जाऊन सात नंबरसाठी उतार मागायचा आणि रोज त्याला उद्याचं सांगितलं जायचं. का पाहिजे ते मात्र त्याने सांगितलं नाही, तेव्हा उगाच दुसऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, उजेडात, शांत पाण्यात, मागच्या केबलीवर एक सुरुंग फुटला. नेहमीसारखाच मागे, अडीचशे पावलांवर, अगदी जसा फुटायला हवा तसा. पाण्याचा खांब उठला, खाली बसला. आठ नंबरवरची माणसं भिजली आणि हसली. त्यांनी शेजारी बघितलं तेव्हा सात नंबरची दोन्ही टोकं वर येत होती आणि मधला भाग खाली जात होता. चार मिनिटं लागली. सात जणांतले तिघे जिवंत सापडले. इंजिनापाशी असलेला माणूस त्यांत नव्हता, इंजिनापाशी असलेला कधीच नसतो.

लेकीला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, जगली.

चौकशी बसली. मिस्त्रीने दहा बोल्टांचं सांगितलं, आता सांगून काय उपयोग होता. अहवालात लिहिलं गेलं, ‘तात्पुरती दुरुस्ती अपुरी.’ तीन शब्द. शिक्षा झाली नाही. चांगले सुतार तीनच उरले होते आणि नौदलाला नव्या सोळा बोटी हव्या होत्या. मिस्त्री साहेबांना म्हणाला, मला काहीतरी शिक्षा करा. साहेब म्हणाले, काम करा. मिस्त्री म्हणाला, मग एक नियम करा. जो सही करेल त्याने त्या बोटीच्या पहिल्या फेरीला आत बसायचं, खाली, इंजिनापाशी.

साहेबांनी तो नियम केला. दुसराही केला, की जुनी बोट घेताना तिच्यावर पूर्वी हात चालवलेले सगळे सुतार शोधून विचारायचं. दोन्ही छापून सगळ्या बंदरांना गेले. नौदल शहाणं होतं ते असं, माणसं बुडाल्यावर, आणि मग तो शहाणपणा जाड कागदावर छापून वाटतं. शत्रूही काही कमी शहाणा नव्हता. त्याने सुरुंगांत मोजणी बसवली. सहा वेळा सुई हलली तरी गप्प राहायचं, सातव्यांदा फुटायचं. म्हणजे एकच पाणी सात सात वेळा विंचरणं आलं. मग कोणी पातळ फळ्या एकावर एक चिकटवून बोल्टाशिवाय कणा करण्याची रीत काढली. मिस्त्री वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ती शिकला. सरसाच्या वासाने त्याला ओकारी यायची. पण त्या कण्यांतला एकही मोडला नाही.

त्या सोळाही बोटींच्या पहिल्या फेरीला तो खाली बसला. युद्ध संपलं तरी दुरुस्त केलेल्या बोटींत बसत होता, कारण सुरुंगांना तह झाल्याचं कोणी कळवलं नव्हतं. शांततेची पुढची चार वर्षं बोटी बाहेर जात राहिल्या, आणि त्या चार वर्षांत आणखी दोन परत आल्या नाहीत. तेव्हा धक्क्यावर कोणी जमत नसे. लोकांना युद्धाचा कंटाळा आला होता.

लेकीला चौकशीत निघालेलं ते चार बोल्टांचं घरी कळलं, मुलगी तान्ही असतानाच. वाचलेल्या तिघांतला एक भेटायला आला आणि बोलून गेला. ती तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मिस्त्री कामावरून आला तेव्हा तिने विचारलं, “चार बोल्ट कमी आहेत हे यांना माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्हाला.”

“हो.”

“म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत,” ती म्हणाली. “मी भात वाढत होते तेव्हा.”

ती घर सोडून गेली नाही, जायला जागा नव्हती. तिने त्याला वेळेवर जेवायला घातलं, आजारपणात औषध दिलं, कपडे धुतले. बाबा म्हणायचं तेवढं सोडलं. घरातही ती त्याला मिस्त्री म्हणायला लागली, बाहेरच्या माणसासारखं, आणि तोही त्या हाकेला उठायला शिकला. कधी कधी भांडी घासता घासता ती एकटीच बोलायची. तीन आठवडे लोखंड होतं तेव्हा रोज घरी आले, लोखंड काढलं आणि नऊ दिवसांत गेले. मिस्त्री अंगणात पटाशीला धार लावत असे, त्याला ते ऐकू जात असे. त्याचंही हेच होतं. पट्टी असती तर कणा टिकला असता. पट्टी असती तर सुरुंग मागे न फुटता खालीच फुटला असता. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एका वेळी खरं असल्यामुळे त्याला कुठे टेकायला जागा नव्हती.

नात दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेत मदतीचा अर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना होता, वडिलांच्या मृत्यूचं कारण. मुलीने आईला विचारलं. आई कणीक मळत होती, तिने मान न वळवता सांगितलं, “मिस्त्रीला विचार.”

मुलगी अर्ज घेऊन अंगणात आली. सहासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं. खडक, पट्टी, झाकण, बाकावरचे दोन दिवस, सही, दहा बोल्ट, दुसरी सही. मुलांना सांगताना गाळतात तसं त्याने काही गाळलं नाही. बराच वेळ लागला. आतलं कणीक मळणं थांबलं होतं.

मुलीने मन लावून ऐकलं. मग रकान्याकडे बघितलं.

“आजोबा, एवढं इथे मावणार नाही.”

“मग जेवढं मावेल तेवढं लिही.”

तिने पेन्सिल तोंडात घालून विचार केला आणि ‘युद्धात’ असं लिहिलं. अर्ज घेऊन ती आत गेली. आईने ओल्या हातांनी तो धरला, वाचला, आणि खाली पालकाच्या सहीच्या जागी आपली सही केली.